जुना गीझर गळतोय: हीट पंप घ्यावा, सोलर घ्यावा की पुन्हा कॉईलचाच?

ओलावा

नमस्कार मंडळी,

आमचा विजेचा गीझर गळायला लागलाय. दीडशे लिटरचा, उभा. तळाच्या वेल्डपासून गंजाचा तांबूस ओघळ उतरलाय आणि खाली ठेवलेलं पातेलं सकाळपर्यंत बोटभर भरतं. प्लंबरने झाकण काढून दाखवलं, बाहेरचा पत्रा ठीक आहे, आतली टाकीच गेलीय. तेव्हा बदलायचा हे ठरलं. कशाने बदलायचा, तिथे गाडी अडली आहे.

घरात पाच माणसं. आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी, शाळेतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना संधिवात आहे. पहाटे उठल्या की बोटं वळत नाहीत. बेसिनमध्ये गरम पाणी घेऊन त्यात हात धरून बसतात, मग हळूहळू मूठ मिटते. त्यामुळे पहाटे नळ सोडला की गरम पाणी यायलाच हवं, ही माझी पहिली अट. वीज वाचवायची आहे आणि अगदी मनापासून वाचवायची आहे, पण त्यांच्या हातांना त्रास देऊन नाही.

काही आकडे काढून ठेवलेत. वायरमनकडून गीझरच्या लाइनवर छोटा वेगळा मीटर लावून घेतला. रोज साधारण १० ते ११ युनिट जातात. मध्यंतरी आम्ही सगळे बाहेरगावी गेलो होतो, तेव्हा गीझर मुद्दाम चालू ठेवला. एकही नळ उघडला नाही तरी चोवीस तासांत २.४ युनिट गेले. ते वाचून धक्काच बसला. पाणी नुसतं गरम राहावं म्हणून एवढी वीज!

चौकशी केली तर प्रत्येक जण वेगळं सांगतो. एक म्हणाला, साठवण टाकीच नको, विजेवरचा इन्स्टंट लावा. दुसरा म्हणाला, गॅसचा घ्या. तिसऱ्याने हीट पंप सुचवला, 'एक युनिट वापरा, तीन युनिटांची उष्णता मिळते' म्हणाला. वर असंही की 'टाकी ४५ अंशांवरच ठेवा, बिल आणखी उतरेल आणि आजींना चटकाही बसणार नाही'. एका युनिटात तीन युनिट येतात कुठून, हे मात्र त्याला समजावून सांगता आलं नाही. शिवाय आम्हाला गच्ची आहे, ऊन आहे, मग सोलर का नको, हाही प्रश्न आहेच.

जागेचं सांगते. गीझर आहे ती खोली लहान, तिथेच वॉशिंग मशीन आणि फ्रीजर. एका भिंतीला बाहेर उघडणारी खिडकी. एक बाथरूम या खोलीला लागून, दुसरी घराच्या पार दुसऱ्या टोकाला, पाइप मोजला तर १२ मीटर. सासूबाई वापरतात ती नेमकी लांबची. पाणी क्षारांचं आहे, शॉवरची भोकं सारखी बुजतात.

ज्यांनी प्रत्यक्ष बदल केलाय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. प्लंबरला काय विचारायचं हे मला आधी समजून घ्यायचंय.

निळीज्योत

ताई, आम्ही गॅसचा इन्स्टंट वापरतो आणि समाधानी आहोत. टाकीच नाही, त्यामुळे ते २.४ युनिट वाचले. पाणी हवं तेवढा वेळ गरम येतं, संपत नाही. पाच माणसांना मागेपुढे आंघोळी करायच्या असतील तर याला तोड नाही. मात्र यंत्र बाथरूमच्या आत लावायचं नाही. बाहेरच्या भिंतीवर लावा आणि धूर बाहेर नेणारा पाइप नीट काढून घ्या. हवा कमी पडली तर गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, माणसाला कळायच्या आत गुंगी येते. यात कुणाचंही 'चालतंय की' ऐकू नका.

किलोवॅट

ओलावाताई, तुम्ही मीटर लावून मोजलंत याचा फार आनंद झाला. निम्मं काम तिथेच झालं. आता त्याच आकड्यांवरून पुढे जाऊ.

एक सूत्र लक्षात ठेवा, बाकी सगळं त्यातून निघतं: १ युनिट विजेची उष्णता ८६० लिटर पाणी १ अंशाने तापवते. ८६ लिटर असेल तर १० अंशांनी. कॉईल कुठल्याही कंपनीची असो, जुनी असो वा नवी, याहून जास्त देऊ शकत नाही आणि फारसं कमीही देत नाही. म्हणून 'नवा कॉईलचा गीझर कमी वीज खातो' हे तापवण्याच्या बाबतीत खरं नाही. त्याचं इन्सुलेशन चांगलं असेल तर साठवणीतला तोटा कमी होतो, एवढंच.

तुमच्या साडेदहा युनिटांतले २.४ टाकीच्या अंगातून निघून जातात. उरले सुमारे ८. म्हणजे ६,८८० लिटर-अंश. येणारं पाणी २० अंशांचं धरलं आणि टाकी ६० वर असेल, तर ४० अंशांची वाढ, म्हणजे रोज साधारण १७० लिटर कढत पाणी. त्यात थंड मिसळून ४० अंशांवर आणलं की ३४० लिटर. पाच जणांत माणशी ६८ लिटर. हिशोब जुळतोय, मिनिटाला ८ लिटरचा शॉवर आठ मिनिटं चालला की एवढंच होतं.

आता मिनिटाला ६ लिटरचं शॉवर-हेड लावलंत आणि वेळ तीच ठेवली, तर माणशी ४८ लिटर. आठ युनिटांचे साडेपाच-सहा होतात. अजून आपण कुठलंही यंत्र बदललेलं नाही! म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, आधी शॉवर-हेड, मग पाइप, मग टाकीचं अंग, आणि यंत्र सगळ्यात शेवटी. गरज कमी झाली की यंत्रही लहान लागतं.

इन्स्टंटबद्दल. मिनिटाला ६ लिटर पाणी २० अंशांनी वाढवायला ८.४ किलोवॅट लागतात. २३० व्होल्टवर ते ३६ अँपिअर होतात, तेही एकाच शॉवरसाठी. दोन बाथरूममध्ये एकाच वेळी नळ उघडले की दुप्पट. घराची वायरिंग आणि मंजूर भार त्यासाठी आहे का, ते वायरमनला विचारा. बाजारात मिळणारा ३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट याच वाढीला मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो. बेसिनला ठीक, आंघोळीला नाही. आणि तोही शेवटी कॉईलच, एका युनिटाला एकच युनिट.

आता एका युनिटात तीन कसे. हीट पंप वीज जाळून उष्णता करत नाही, आसपासच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात नेतो. तुमचा फ्रीज हेच काम करतो, आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून खोलीत टाकतो. हीट पंपात ती जाळी टाकीला गुंडाळलेली असते. कॉम्प्रेसर चालवायला १ युनिट, हवेतून आलेली सुमारे २ युनिट उष्णता, पाण्याला मिळाले ३. फुकट काही नाही, फक्त उष्णता इकडची तिकडे. कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच मांडली होती.

पण हे तीन कायमचे तीन नसतात. हवा जितकी थंड आणि पाणी जितकं कढत हवं, तितकं हे गुणोत्तर खाली येतं. उबदार हवेत साडेतीनही मिळतात, गारठ्यात दोनावर येतं. तेव्हा विक्रेता 'तीन' म्हणाला की दोन गोष्टी विचारा: हवा किती अंशांची असताना, आणि पाणी किती अंशांपर्यंत तापवून? याचं उत्तर नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तुमच्यासाठी ढोबळ अंदाज: गरज ६ युनिट उष्णता, नव्या टाकीतला तोटा सव्वा ते दीड, एकूण साडेसात. तीनाने भागलं तर अडीच युनिट, थंडीत दोनाने भागलं तर पावणेचार. आज साडेदहा जातात. वर्षाला अडीच हजार युनिटांच्या आसपास वाचतील. तुमच्याकडचा दर लावा, यंत्राची किंमत त्याने भागा, किती वर्षांत वसूल होतं ते समोर येईल. माझ्या दृष्टीने पाच माणसांच्या घरात हा व्यवहार चांगला आहे. एकट्या माणसाला मी असं ठामपणे सांगितलं नसतं.

नळजोड

मी प्लंबिंगच्या कामात आयुष्य घालवलंय. वरचा हिशोब बरोबर आहे, त्याला हात लावत नाही. मला त्या '४५ अंशांवर ठेवा'बद्दल बोलायचंय, कारण ते वाचून जीव खाली-वर झाला.

ताई, साठवणीची टाकी ४५ वर ठेवू नका. घरात वयस्क माणूस असेल तर अजिबात नको. लीजनेला नावाचे जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतात. टाकीच्या तळाशी बसलेला क्षारांचा गाळ त्यांना मानवतो. शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर ते फुप्फुसात जातात आणि न्यूमोनिया होतो. १९७६ साली फिलाडेल्फियात 'अमेरिकन लीजन' या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मेळाव्यात साथ आली, त्यावरून या आजाराला नाव मिळालं. म्हातारी माणसं आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना याचा धोका सगळ्यात जास्त. संधिवातावरची काही औषधं प्रतिकारशक्ती दाबणारी असतात, तेव्हा सासूबाईंच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

टाकी ६० वर ठेवा. हीट पंप रोज ५५ वर चालवायचा असेल तर आठवड्यातून एकदा तरी पूर्ण टाकी ६० च्या वर जाईल असं सेटिंग बहुतेक यंत्रांत असतं, ते चालू करून घ्या. बसवणारा ते बंद ठेवून जातो, मी पाहिलंय.

मग चटक्याचं काय? ती भीती खरी आहे. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं, आणि दुखऱ्या बोटांनी नळ पटकन बंद होत नाही. त्यावर उपाय टाकी गार ठेवणं हा नाही. टाकीतून बाहेर पडणाऱ्या गरम लाइनवर थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. एका बाजूने गरम, एका बाजूने थंड, पुढे जाणारं पाणी ठरलेल्या अंशांचं. कुणी दुसरीकडे नळ उघडला, दाब बदलला, तरी तो सांभाळून घेतो. थंड पाणी अचानक बंद झालं तर गरमही तोडतो. हा व्हॉल्व्ह घेताना काटकसर करू नका. आणि बसवल्यावर लांबच्या नळाला थर्मामीटर धरून समोर सेट करून घ्या.

दुसरं म्हणजे तुमचे ते १२ मीटर. पाइप आतून किती मिलिमीटरचा आहे? २० असेल तर मीटरला ०.३१ लिटर, म्हणजे पावणेचार लिटर पाणी त्यात उभं राहतं. बेसिनचा नळ मिनिटाला ४ लिटर देत असेल तर सासूबाई जवळजवळ मिनिटभर गार पाणी सोडून देतात, आणि नळ बंद केला की तेवढंच गरम पाणी पाइपात थंड होत पडतं. पहाटे दोन-तीनदा असं झालं की बघा. तीच लाइन आतून १२ मिलिमीटरची केली तर दीड लिटरच्या आत येते. एका शॉवरला ती पुरते, फक्त दाब किती आहे ते आधी तपासून घ्या. आणि लाइन नवी असो वा जुनी, फोमचं आवरण सलग घाला. कोपऱ्यावर, टी-जोडावर, क्लँपखाली जे उघडं राहतं तिथूनच उष्णता जाते. टाकीतून निघणारा पहिला मीटर-दीड मीटर तर झाकायलाच हवा.

खरं सांगू का? सासूबाईंच्या हातांसाठी मोठ्या टाकीवर भिस्त ठेवू नका. त्यांच्या बेसिनखाली ६ लिटरचा छोटा गीझर लावा. २ किलोवॅटच्या कॉईलने ६ लिटर पाणी २० वरून ६० ला आठ-नऊ मिनिटांत जातं. टायमर लावा, त्या उठायच्या वीस मिनिटं आधी चालू होईल, दिवसा बंद. पाव-अर्ध्या युनिटाचं काम. त्यालाही छोटा मिक्सिंग व्हॉल्व्ह लागेलच. नळाला लांब दांडीचा मिक्सर लावा, मनगटाने ढकलता येतो, बोटांनी पिळावं लागत नाही. पहाटेची गरज अशी बाजूला काढलीत की मोठी टाकी कधी तापवायची याचं स्वातंत्र्य मिळतं.

ओलावा

नळजोडदादा, तुम्ही लिहिलेलं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. लांब दांडीच्या नळाचं ऐकून म्हणाल्या, आधी तो आणा, बाकीचं नंतर बघू. बेसिनखालच्या छोट्या गीझरची कल्पना मला सुचलीच नव्हती, मनापासून आभार.

किलोवॅट, हिशोब दोनदा करून पाहिला, जुळला. लांबचा पाइप आतून २० चाच निघाला.

आता दोन शंका. एक, हीट पंप त्या लहान खोलीत चालेल का? खोली ३ मीटर बाय २, उंची पावणेतीन. दोन, सोलरबद्दल अजून कुणी बोललं नाही.

सावली

सोलरबद्दल मी सांगते, आमच्याकडे आहे आणि मला ते फार आवडतं. पंप नाही, कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन पॅनेलमधून वर टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं, ऊन असेपर्यंत हे आपोआप फिरत राहतं. यासाठी टाकी पॅनेलच्या वर हवी, तळ फूटभर तरी उंच, नाहीतर रात्री उलटं फिरून पॅनेलमधून उष्णता आकाशात जाते. ही रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी १९०९ मध्ये पॅनेल वेगळं आणि इन्सुलेशन केलेली टाकी वेगळी केली, म्हणून दिवसा तापलेलं पाणी रात्री वापरता येऊ लागलं. त्याआधी टाक्याच काचेखाली उन्हात ठेवत, रात्री पाणी गार होऊन जाई.

बऱ्या उन्हाच्या दिवशी चौरस मीटरवर ५ युनिट ऊर्जा पडते. निम्मी पाण्यात आली असं धरलं तर २ चौरस मीटरचं पॅनेल १०० लिटरच्या थोडं वर पाणी ४० अंशांनी वाढवतं. तुम्हाला अशी दोन पॅनेलं लागतील.

पण ताई, तुमच्या घराचं वर्णन वाचून दोन गोष्टी खटकल्या. पाणी क्षारांचं आहे. पॅनेलच्या बारीक नळ्यांत क्षार बसले की अभिसरण मंदावतं, पाणी तापतं पण वर जात नाही. अशा पाण्याला हीट एक्स्चेंजरचा प्रकार घ्यावा लागतो, त्यात पॅनेलमधलं द्रव वेगळंच फिरतं. आणि गच्चीवरून तुमच्या दोन टोकांच्या बाथरूमपर्यंत पाइप उतरायला लांबी आणखी वाढणार. वर जे पावणेचार लिटरचं गणित आलं ते इथे दुप्पटही होऊ शकतं.

सोलर घेतलंच तर ऊन नसताना पाणी तापवणाऱ्या आधाराच्या कॉईलवर लक्ष ठेवा. ती टाकीच्या वरच्या भागात असावी आणि टायमरवर असावी. पहाटे आंघोळी झाल्या, टाकीत गार पाणी शिरलं आणि थर्मोस्टॅटने लगेच कॉईल चालू केली, तर सूर्य उगवतो तेव्हा टाकी आधीच विजेने तापलेली असते. दिवसभर ऊन पॅनेलवर पडून वाया जातं. ज्यांना 'सोलर लावूनही बिल तेवढंच' असा अनुभव येतो, त्यांच्याकडे बरेचदा हेच चाललेलं असतं.

नळजोड

खोलीचं. ३ गुणिले २ गुणिले २.७५ म्हणजे साडेसोळा घनमीटर. दार बंद ठेवून हीट पंप चालवायला साधारण २५ ते ३० घनमीटर हवा लागते. तुमची खोली कमी पडते. तो स्वतःच खोली गार करतो आणि मग त्याच गार हवेतून उष्णता ओढायला धडपडतो, गुणोत्तर कोसळतं. दाराला खाली-वर जाळ्या करा, किंवा डक्टचं, म्हणजे हवा नेणाऱ्या जाड नळीचं, मॉडेल घेऊन सोडलेली गार हवा खिडकीतून बाहेर काढा. मी डक्ट सुचवीन. फ्रीजर तिथेच आहे हे चांगलं, तो खोलीत टाकतो ती उष्णता हीट पंप उचलून घेईल. घरात हिवाळ्यात हीटर लावत असाल तर मात्र हीट पंपाने राहत्या खोल्यांची हवा ओढू नये, एका हाताने तापवून दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं.

हवेतलं बाष्प थंड जाळीवर जमून पाणी ठिबकतं. दमट दिवसांत ते चांगलंच असतं. त्याची नळी उतार देऊन गटाराच्या तोंडापर्यंत न्या. वॉशिंग मशीनचा निचरा तिथे आहे, तिथेच जोडता येईल. आवाज जुन्या फ्रीजपेक्षा जास्त, पंख्यासारखा. भिंतीपलीकडे कुणाची झोपायची खोली असेल तर टाकीखाली रबरी पॅड घाला आणि टायमर दुपारचा लावा. दुपारी हवाही सगळ्यात उबदार, तेव्हा गुणोत्तर चांगलं मिळतं.

क्षारांच्या बाबतीत अ‍ॅनोड रॉडबद्दल बोलतो. टाकीच्या वरच्या बाजूला एक षट्कोनी डोकं दिसतं, त्याखाली मॅग्नेशियमची कांडी टाकीत लोंबत असते. टाकीच्या पोलादाऐवजी ती कांडी झिजते, तेच तिचं काम. कितीतरी घरांत गळकी टाकी उतरवल्यावर मी ती बाहेर काढलेली आहे. हातात येते ती नुसती आतली तार, वर पांढरे खवले. अंगठ्याएवढी जाड कांडी केव्हाच संपलेली असते आणि त्यानंतर पाण्याने टाकी खायला सुरुवात केलेली असते. तुमची टाकी उतरवतील तेव्हा बघा, मला वाटतं असंच निघेल. क्षारांच्या पाण्यात दर दोन वर्षांनी काढून पाहावी, निम्म्याहून बारीक झाली की बदलावी. टाकीच्या वर कांडी सरळ बाहेर काढायला जागा सोडायला सांगा. छताला चिकटवून बसवली तर ती कधीच बदलली जात नाही.

किलोवॅट

नळजोड यांच्याशी पूर्ण सहमत. एक पुरवणी, मापाबद्दल. २०० लिटरची टाकी ५५ अंशांवर असेल तर गार पाणी मिसळायला लागण्याआधी त्यातलं १६० लिटर तरी कढत मिळतं. ४० अंशांवर ते २८० लिटर. सहा लिटरच्या शॉवरने पाच जणांच्या आठ-आठ मिनिटांच्या आंघोळी २४० लिटरमध्ये होतात. म्हणजे २०० लिटर पुरेल, ३०० ची गरज नाही. मुलगी जास्त वेळ घेत असेल तर ६० वर ठेवलंत की आणखी ४० लिटर हाताशी येतात.

हीट पंप हळू तापवतो. घरगुती यंत्र पाण्याला साधारण दीड-दोन किलोवॅट उष्णता देतं, रिकामी झालेली टाकी भरून यायला चार तास धरा. पाहुणे आल्यावर सगळे 'फास्ट' मोड लावतात, त्यात आतली कॉईल चालते. पाहुणे गेल्यावर तो काढायचा राहतो आणि हीट पंप घेऊनही घरात पुन्हा कॉईलचाच गीझर चालतो. तुमच्याकडे वेगळा मीटर आहे, तो काढू नका. रोजचा आकडा पाचाच्या वर गेला की मोड तपासा.

हीट पंपाच्या आत फिरून उष्णता वाहून नेणारा गॅस कोणता तेही विचारा. आर-१३४ए हा हवेत सुटला तर कार्बन डायॉक्साइडच्या हजाराहून जास्त पट तापमानवाढ करतो. आर-२९० म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम नगण्य, पण तो ज्वलनशील आहे, म्हणून बसवण्याच्या जागेचे नियम कडक असतात. जपानमध्ये २००१ पासून खुद्द कार्बन डायॉक्साइडवर चालणारे घरगुती हीट पंप विकले जातात, ते पाणी सहज ६५ च्या वर नेतात, पण महाग पडतात. तुमच्याकडे मिळत असतील तर यादीत ठेवा, नसतील तर अडून बसू नका.

निळीज्योत

हे सगळं वाचल्यावर ताई, मी माझी शिफारस मागे घेतो. गॅसच्या यंत्राला इतका दूरचा पाइप मिळाला तर आजींना पहाटे तितकाच वेळ थांबावं लागेल, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे यंत्र बाथरूमच्या भिंतीपलीकडेच आहे, म्हणून कधी जाणवलं नाही.

ओलावा

सगळ्यांचे आभार. घरात बसून ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर लगेच सांगा.

बेसिनखालचा ६ लिटरचा गीझर आणि लांब दांडीचा नळ या आठवड्यातच. शॉवर-हेड दोन्हीकडे बदलतोय. मुलीने आधी नाक मुरडलं होतं, मग बादली आणि घड्याळ लावून स्वतःच जुन्या शॉवरचं मोजलं, मिनिटाला ९ लिटर निघाले. आता तीच म्हणते बदलूया. लांबची लाइन १२ ची करून आवरण घालणार, भिंत फोडायची नाही, वरून छताजवळून नेता येईल. मोठा गीझर म्हणजे २०० लिटरचा डक्टचा हीट पंप, ६० अंशांवर, दुपारच्या टायमरवर. सोलर सध्या नाही.

एकच राहिलं. मिक्सिंग व्हॉल्व्ह टाकीपाशी एकच लावायचा की प्रत्येक बाथरूमला वेगळा? प्लंबर म्हणतो टाकीपाशी एक पुरे.

नळजोड

वर मी टाकीतून निघणाऱ्या लाइनवर म्हणालो खरा, पण तुमच्या घरात मी दोन्हीकडे वेगळे लावीन. टाकीपाशी मिसळलं की पुढचे बारा मीटर कोमट पाणी उभं राहतं, आणि जिवाणूंना तेच हवं असतं. बाथरूमपाशी मिसळलं तर लाइनमध्ये ६० चं पाणी येतं, ते शेवटच्या हातभर पाइपातच खाली उतरतं. लाइन बारीक आणि आवरण घातलेली असली की उष्णताही फार जात नाही. व्हॉल्व्ह हाताला लागेल अशा जागी बसवा, टाइलच्या आड नको. दोन्ही बाजूंना गाळणी आणि बंद करायचा कॉक हवा, क्षारांच्या पाण्यात आतली जाळी वर्षातून एकदा काढून धुवावी लागते.

आणि टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह विसरू नका. २० वरून ६० ला जाताना पाणी दीड टक्का फुगतं, २०० लिटरमध्ये ३ लिटर. थंड लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर ते पाणी परत जाऊ शकत नाही, म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं ठिबकणं साहजिक आहे, किंवा मग फुगलेलं पाणी सामावून घेणारी छोटी एक्सपान्शन टाकी बसवा. काही लोक गळतंय म्हणून त्याच्या तोंडाला प्लग मारतात. तसं कुणी करू लागलं तर हात धरून थांबवा, दाब वाढून टाकी फुटते. त्याची नळी उघडी ठेवून निचऱ्यापर्यंत न्या आणि सहा महिन्यांतून एकदा त्याची दांडी उचलून पाणी येतंय ना, ते बघा.